रेडिओ भिंतीतून जातो, रोबो नाही

बारा वायरलेस सेन्सर नोड (बॅटरीवर चालणारी, रेडिओवरून एकमेकांशी बोलणारी छोटी यंत्रं) मजलाभर मांडायचे आणि त्यांच्या भरवशावर रोबो एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायचा. रोबोवर ना कॅमेरा, ना नकाशा. काम हाती घेतलं तेव्हा मला वाटलं, रोबो नेमका कुठे आहे ते कळलं की झालं. सिग्नलच्या ताकदीवरून अंतर काढायचं, तीन नोडपासूनची अंतरं मिळाली की जागा पक्की. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डेसिबलने उतरतो, त्यामुळे कागदावर गणित चोख बसत होतं.

इमारतीत ते कोसळलं. एका संध्याकाळी रोबो हाताने सरकवत मी एका नोडच्या सिग्नलच्या ताकदीचे आकडे डेसिबलमध्ये टिपले (उणे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल क्षीण): उणे ५८, उणे ६०, आणि जेमतेम चार सेंटिमीटर पुढे उणे ७४. नोड तर पाच मीटरवर, म्हणजे अंतर जवळपास तेवढंच! नोड २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात, आणि त्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर. थेट आलेली लहर आणि भिंतीवरून परतलेली लहर एका ठिकाणी एकमेकींना बळ देतात, बोटभर पुढे एकमेकींना मारतात. मी मधे उभा राहिलो तरी आकडा पडायचा. सरासरी घेतली, कालमन फिल्टर (डगमगत्या मोजमापांतून खरा अंदाज काढणारं गणित) लावला, चाकांचे फेरे मोजून त्यात घातले. सुधारणा झाली, पण दारातून नीट जाण्याइतकी नाही. यात दीड महिना गेला, आणि तो माझ्या जिवाला फार लागला.

मग मी जागा शोधणंच सोडलं. रोबोला फक्त 'इथून पुढे कुठे' एवढं सांगायचं ठरवलं. मुक्कामाच्या नोडने शून्य पाठवायचा, त्याच्या शेजाऱ्यांनी एक, त्यांच्या शेजाऱ्यांनी दोन. प्रत्येक नोडकडे पुढच्या, कमी आकड्याच्या नोडची दिशा साठवलेली. रोबोने सगळ्यांत जोरात ऐकू येणाऱ्या नोडला विचारायचं आणि तो सांगेल तिकडे वळायचं.

पहिल्याच फेरीत रोबो सरळ भिंतीवर गेला. भिंतीच्या दोन बाजूंचे नोड एकमेकांना छान ऐकत होते, म्हणून त्यांनी स्वतःला शेजारी मानलं होतं! या विषयात नवीन असलेल्या प्रत्येकाला मी हे कळकळीने सांगतो: शेजार रेडिओवर ठरवू नका, चाकांवर ठरवा. मी रोबो रिमोटने प्रत्येक वाटेवरून स्वतः फिरवला, आणि ज्या दोन नोडमधून तो खरोखर गेला तीच जोडी ठेवली. दिशाही त्याच फेरीत नोंदली. नोडांनी पाठवलेली पॅकेट, म्हणजे संदेशाचे तुकडे, वाटेत गळत होती, ती वाय-फायमुळे. नोड २६ नंबरच्या चॅनलवर, जिथे वाय-फाय सहसा पोचत नाही, नेले आणि गळती जवळजवळ थांबली.

शेवटच्या चाचणीत रोबो चालत असतानाच मी वाटेतल्या सातव्या नोडची बॅटरी काढली. रोबो थांबला. बाकीच्या नोडांनी आकडे पुन्हा जुळवले, आणि काही सेकंदांनी रोबो जागच्या जागी वळून दुसऱ्या दाराकडे निघाला.