नाव शिरीन, बाकी विचारू नका

पुण्यात कॅम्पातल्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर शिरीन आंटी राहायची. लाकडी जिना, दारात चुन्याची रांगोळी, खिडकीत कुंड्या. आमचा बॉल त्या कुंड्यांत गेला की परत मिळायचा, नाही असं नाही, पण आधी पंधरा मिनिटं ऐकून घ्यावं लागायचं. "काय रे दिकरा, डोळे घरी ठेवून खेळते काय तू?" इथपासून सुरू व्हायचं आणि मग आमच्या मागच्या दोन पिढ्यांपर्यंत जायचं. शिरीन म्हणजे गोड, हे मला आईने सांगितलं तेव्हा मी खो खो हसले होते. नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा, दुसरं काय.

बरं, हे नाव आपल्याकडे कुणाला धड लिहिता पण येत नाही. आंटीच सांगायची की शाळेच्या हजेरीपटात तिचं नाव वर्षभर 'शिरीष' होतं, आणि तिने पण कधी सांगितलं नाही, रोज आपली "हजर" म्हणून मोकळी. डायबिटीस निघाल्यावर डॉक्टर म्हणाले गोड बंद, तर ही त्यांनाच विचारते, मग नाव पण बदलू काय?

आंटीचे आईवडील इराणमधल्या याझदकडचे. आपल्याकडचे बरेचसे इराणी लोक याझद नाहीतर केरमानकडूनच आले, मुंबईपुण्यात चहा आणि बनमस्का विकत स्थिरावले. नगरजवळ मेहेराबादला ज्यांची समाधी आहे ते मेहेरबाबा पण अशाच पुण्यातल्या इराणी घरात 1894 मध्ये जन्मले, आणि त्यांच्या आईचं नाव काय, तर शिरीन. म्हणजे नाव तसं काही परकं नाही आपल्याला.

शब्द तर अजिबातच नाही. शिरखुर्मा आपण आवडीने खातो, त्यातलं शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. आपल्या संस्कृतातल्या क्षीरचा हा फारसी भाऊ, आणि 'शिरीन' याच दुधावरून आला असं मानतात. दर्ग्यात नवस फेडायला आपण शिरणी वाटतो ना, ती पण तिथलीच. इराणमध्ये मिठाईला शिरीनीच म्हणतात, आणि लग्न ठरलं की 'शिरीनी खाणं' असतं, म्हणजे आपला साखरपुडा. आपण साखरेचा पुडा देतो, ते मिठाई खातात, मुलीचा बाप दोन्हीकडे सारखाच घामाघूम होत असणार.

पण फारसीत या गोडाचे पुढे जे फाटे फुटतात ते मला जास्त आवडतात. ज्येष्ठमधाला ते 'शिरीन-बयान' म्हणतात, आणि गोड बोलणाऱ्या माणसालाही तेच. साहेबाच्या मागेपुढे करणारा जो असतो, आपण ज्याला चमचा म्हणतो, तो 'खुद-शिरीन', म्हणजे स्वतःच स्वतःला साखर लावून घेतलेला, काय फिट शब्द आहे, आमच्या ऑफिसात निदान चार आहेत. आणि डोक्याने जरा कमी असलेला माणूस 'शिरीन-अक्ल', त्याची अक्कल गोड! हे मी शिरीन आंटीला सांगितलं असतं तर माझं काही खरं नव्हतं.

सगळ्यात भारी मात्र 'आब-ए-शिरीन'. म्हणजे गोडं पाणी. आपल्याकडे पण विहिरीचं पाणी गोडं लागलं म्हणतो तेव्हा त्यात कुणी साखर टाकलेली नसते, ते खारं नाही, पिता येतं, एवढंच म्हणायचं असतं. याझद तर वाळवंटाच्या कडेला, तिथे डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीखालून मैलोन् मैल बोगदे खणून पाणी गावात आणायचे, त्याला कनात म्हणतात. अशा मुलखात मुलीचं नाव गोडं ठेवताना आईबापांच्या डोक्यात पेढाच असेल कशावरून? मला आपलं वाटतं पाणी असेल. याला पुरावा काही नाही, पण आंटी आठवली की हेच पटतं.

आता या नावाची सगळ्यात मोठी बाई म्हणजे राणी शिरीन, इराणच्या जुन्या सासानी घराण्यातला बादशहा दुसरा खुस्रो याची. तो 590 ते 628 गादीवर होता, त्याचा धर्म जरथुष्ट्री आणि राणी ख्रिश्चन. खरी राणी होऊन गेली, पण लोकांच्या डोक्यात बसली ती बाराव्या शतकात गंजा गावच्या निजामी कवीने तिच्यावर काव्य लिहिलं त्यामुळे. आपण शिरीं-फरहाद म्हणतो खरं, पण काव्याचं नाव 'खुस्रो आणि शिरीन' आहे आणि फरहाद बिचारा मधे येऊन मरून जातो. त्याची एन्ट्री कशी होते तर दुधावरून! शिरीनच्या महालापासून कुरणं लांब, ताजं दूध येईना, म्हणून खडक फोडून दुधाचा पाट काढायला या शिल्पकाराला बोलावतात. तो पाट काढतो आणि वर प्रेमातही पडतो. मग खुस्रो जळतो, त्याला सांगतो की बिसुतूनचा डोंगर फोडून रस्ता कर, आणि काम होत आलंय असं दिसल्यावर शिरीन मेली अशी खोटी बातमी पाठवतो. फरहाद तिथेच जीव सोडतो. केरमानशाहजवळ तो डोंगर खरंच आहे, प्राचीन इराणचा सम्राट दारियस याचा प्रसिद्ध शिलालेख त्याच्यावरच, आणि तिथे तासून सपाट केलेला एक अवाढव्य कडा आहे त्याला लोक अजूनही फरहादने तासलेला म्हणतात. खुस्रोचंच अर्धवट राहिलेलं बांधकाम असावं असं अभ्यासक म्हणतात, पण त्यांचं ऐकतो कोण.

या सगळ्यात शिरीन रडत बसलीय का, तर नाही. काव्यातली शिरीन घोड्यावर बसून एकटी निघते, आणि खुस्रो दारू पिऊन दारात आला तर त्याला दाराबाहेर ठेवते, आधी लग्न मग बाकीचं. निजामीची बायको आफाक तरुणपणीच गेली, आणि शिरीनचा शेवट लिहिताना आपल्याला तीच आठवली असं त्याने काव्यातच सांगून टाकलंय. हे कळल्यापासून मला शिरीन राणी कमी आणि कुणाच्या तरी घरातली बाई जास्त वाटायला लागली.

अलीकडच्या शिरीन पण बघा. शिरीन एबादी, 1947 चा जन्म, हमदानच्या. 1975 मध्ये तेहरानच्या एका कोर्टाच्या प्रमुख झाल्या, आणि 1979 ची क्रांती झाल्यावर बायकांनी न्यायाधीश व्हायचं नाही म्हणून त्याच कोर्टात त्यांना कारकून केलं. जिथे निकाल दिले तिथे फायली लावायच्या, विचार करा. वकिलीचं लायसन्स मिळायला 1992 उजाडलं, मग मुलांच्या आणि राजकीय कैद्यांच्या केसेस लढल्या आणि 2003 मध्ये शांततेचं नोबेल. शिरीन नेशात कझवीनच्या, बायकांचे चेहरे आणि हात यांच्या फोटोंवर फारसी कविता शाईने लिहितात, त्या फोटोंकडे बघताना आपणच नजर खाली घालतो. 2009 मध्ये व्हेनिसच्या फिल्म फेस्टिव्हलला त्यांना दिग्दर्शनासाठी सिल्व्हर लायन मिळाला. आणि अरबीत गेलेलं हेच नाव घेऊन जेरुसलेमची पॅलेस्टिनी पत्रकार शिरीन अबू अकलेह पंचवीसेक वर्षं टीव्हीवर बातम्या देत होती, 11 मे 2022 ला वेस्ट बँकमधल्या जेनिनमध्ये, अंगात प्रेसचं जॅकेट असताना, गोळी लागून गेली. त्या दिवशी बातमी बघताना मी नाव ऐकूनच थबकले होते.

फारसीत 'शीर' म्हणजे दूध, 'शीर' म्हणजे सिंह (नेशातबाईंना सिंहच मिळाला की), आणि 'शीर' म्हणजे नळसुद्धा. हे मला फार लवकर आणि वाईट पद्धतीने कळलं. मी आठेक वर्षांची असेन, आई बाहेर गेलेली म्हणून मला आंटीकडे ठेवलं होतं. आंटी फोनवर भावाशी फारसीत भांडत होती, गॅसवर दुधाचं पातेलं, आणि तेवढ्यात महापालिकेचं पाणी आलं. फोन कानाला धरून, तोंडात फारसी तशीच असताना, ती माझ्यावर ओरडली, "शीर बंद कर, शीर!" शीर म्हणजे दूध एवढं मला शिरखुर्म्यामुळे पक्कं माहीत होतं. मी पळत गेले आणि दुधाखालचा गॅस बंद करून ऐटीत परत येऊन बसले.

बादली भरून पाणी मोरीबाहेर, तिथून हॉलमध्ये, गालिच्याखाली. पंधरा मिनिटं ऐकून घेतलं. मग तिने माझ्या एका हातात फरशी पुसायचं फडकं दिलं आणि दुसऱ्या हातात नानकटाई.