म्हात्रे पुलावरून शाळेत येताना

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठव, असा वर्गमैत्रिणीचा फोन आला आणि मला शाळेच्या आधी पूल आठवला. एरंडवण्यातून सायकल मारत मी म्हात्रे पुलावरून नव्या पेठेत शाळेत यायचे. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की कठड्याशी ही गर्दी! आम्हीही मुठेचं गढूळ पाणी बघत उभ्या राहायचो आणि हमखास प्रार्थना चुकायची. ‘म्हात्रे पुलाशी भेटू’ हे सगळ्यांच्याच तोंडी. पण म्हात्रे कोण, हे कधी मनात आलं नाही. असतील कोणी जुने नगरसेवक, असं मी धरून चालले होते.

नववीत इतिहास-नागरिकशास्त्राच्या बाईंनी एकदा विचारलं, “पुलावरून कोण कोण येतं?” पंधरावीस हात वर झाले. “मग म्हात्रे कोण, सांगा.” सगळे हात खाली.

बाईंनी पुस्तक मिटलं. सुरुवात केली ती थेट मारुतीपासून. रावण मारुतीला मारायला उठला तेव्हा बिभीषण काय म्हणाला? हे आम्हाला येत होतं : दूताला मारायचं नसतं. मग बाई परदेशी दूतांना संरक्षण देणाऱ्या १९६१ च्या व्हिएन्ना करारावर आल्या. १९७३ साली संयुक्त राष्ट्रांनी राजनैतिक अधिकाऱ्यांच्या रक्षणासाठी आणखी एक करार केला, तेही सांगितलं. “रावणाच्या दरबारात पाळलेला नियम १९८४ साली बर्मिंगहॅममध्ये मोडला,” असं म्हणून त्या क्षणभर थांबल्या.

रवींद्र म्हात्रे बर्मिंगहॅममधल्या भारतीय साहाय्यक उच्चायोगात अधिकारी होते. ३ फेब्रुवारी १९८४, शुक्रवार. काम संपवून ते बार्टली ग्रीन भागात बसमधून उतरले. हातात मुलीच्या वाढदिवसाचा केक होता. तिथूनच त्यांना पळवून नेलं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, अ‍ॅलम रॉकमध्ये डांबून ठेवलं. ‘काश्मीर लिबरेशन आर्मी’ या दहशतवादी गटाने मागणी केली : तिहारमध्ये असलेल्या, फाशीची शिक्षा झालेल्या काश्मिरी फुटीरतावादी नेता मकबूल भटला सोडा आणि दहा लाख पौंड द्या. दोन दिवसांनी लेस्टरशरमधल्या एका आडरस्त्यावर त्यांचा मृतदेह सापडला. गोळ्या घातल्या होत्या. ११ फेब्रुवारीला भटला फाशी दिली गेली. पळवणाऱ्यांपैकी दोघांना १९८५ साली शिक्षा झाल्या.

वर्गात चिटपाखरू नसल्यासारखी शांतता. १९८४ साली बाई शाळेत नव्याने लागल्या होत्या आणि ही बातमी त्यांनी रेडिओवर ऐकली होती. केकबद्दल सांगताना त्यांचा आवाज अडकला. आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या.

काश्मीरविषयी मी पुढे बरंच वाचलं. भटच्या फाशीवर पानंच्या पानं असतात, म्हात्रे बहुतेक ठिकाणी एका वाक्यात येतात आणि जातात. एका माणसाच्या मृत्यूचा उपयोग फक्त दुसऱ्याच्या फाशीची तारीख समजावण्यासाठी व्हावा, हे मला आजही सहन होत नाही.

नोकरीच्या निमित्ताने मी दोन वर्षं बर्मिंगहॅमला होते. एकदा पासपोर्ट हरवला म्हणून तिथल्या भारतीय कचेरीत गेले. पुढे एक म्हातारे पंजाबी गृहस्थ भावाचं शव जालंधरला न्यायचे कागद घेऊन बसले होते. तिथला अधिकारी त्यांना एकेक रकाना उकलून सांगत होता, मधेच त्यांना पाणी दिलं. म्हात्र्यांचं कामही असंच चालत असणार. आपल्या माणसांचे कागद, त्यांच्या अडचणी, आणि मग बसने घर.

एका रविवारी बार्टली ग्रीनला गेले. जलाशयावरून बोचरं वारं येत होतं. बसथांब्याजवळ दोन शाळकरी मुली हसत उभ्या होत्या. मी थोडा वेळ थांबले आणि परतले. रात्री बाईंना लांबलचक पत्र लिहिलं. वारं, थांबा, विटांची बुटकी घरं, सगळं त्यात लिहिलं.

बाईंचं उत्तर महिन्याभराने आलं. फळ्यावरच्यासारखं तेच ठसठशीत अक्षर. तब्येतीची विचारपूस, शाळेची नवी इमारत, आणि शेवटी एकच ओळ : “बसथांब्यापासून घरं किती लांब आहेत गं?”

मी लिहिलं, “जवळच आहेत, बाई. अगदी जवळ.”