भरताची वांगी, केळीचा मळा आणि ऑर्वालच्या बाटल्या

बेल्जियमच्या दक्षिण टोकाला, फ्रान्सच्या सरहद्दीजवळ, ऑर्वाल नावाचा ख्रिस्ती संन्याशांचा मठ आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९३ साली, तो उद्ध्वस्त झाला. १९२६ पासून त्याची पुन्हा उभारणी सुरू झाली आणि त्या बांधकामाला पैसा मिळावा म्हणून १९३१ साली मठाच्या आवारात बिअरचा कारखाना काढण्यात आला. त्या कारखान्यातून निघणारी बिअर मी चाखली ती मात्र जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात, एका केळीच्या मळ्यात, शेजारी वांगी भाजण्याचे काम चालू असताना. बेल्जियमला मी गेलेलो नाही; तेव्हा हे प्रवासवर्णन भुसावळ ते पाल एवढ्याच मुलखाचे आहे.

बेल्जियमला नोकरीला असलेला माझा जुना मित्र दर पौषात गावी येतो. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येते आणि ऑर्वालची बाटली ३३० मिलिलिटरची असते, त्यामुळे सहा बाटल्यांचा हिशेब १९८० मिलिलिटरवर येऊन थांबतो. त्याने अर्थातच सहा आणल्या होत्या. शिवाय मागच्या पौषातल्या दोन घरी शिल्लक होत्या, आणि मला या सगळ्या बेतात खरा रस होता तो त्या दोनांमध्येच. आपल्या राज्यात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. तो दोघांनीही रीतसर काढलेला होता, हे सांगून तो विषय संपवतो.

भुसावळला गाडीतून उतरून तापी ओलांडली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी सुरू होते आणि फैजपूर, सावदा मागे पडले तरी ती संपत नाही. उत्तरेला सातपुड्याची रांग सतत सोबत असते. सावद्याला मित्राच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याचे केळी पिकवण्याचे शीतगृह आहे, ते पाहायला आम्ही मुद्दाम थांबलो. या भागातली बहुतेक केळी हिरवी असतानाच गाडीत भरून उत्तरेकडे जाते. स्थानिक बाजारापुरती मात्र इथेच पिकवतात. बंद खोलीत सोळा-अठरा अंश तापमान राखून इथिलीन वायू सोडला की चारेक दिवसांत घड पिवळे होतात. व्यापारी भाऊंनी दार उघडले तेव्हा थंड हवेबरोबर जो गोड, किंचित रंगाच्या डब्यासारखा वास अंगावर आला, त्यातला मुख्य घटक आयसोअमाइल ॲसिटेट नावाचे संयुग असते. बेल्जियन धाटणीच्या बिअरमध्ये वापरली जाणारी अनेक यीस्ट नेमके हेच संयुग तयार करतात. मित्राने मला बाटलीआधी त्या दारात का उभे केले, ते संध्याकाळी कळले.

मळ्यावर पोचेपर्यंत उन्हे कलली होती. चंपाषष्ठी झाली की इकडे भरताचा हंगाम रंगात येतो. फिक्या हिरव्या रंगाची, हातात वजन जाणवणारी वांगी तेलाचा हात लावून कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर टाकलेली होती, आणि साल करपून आतला गर मऊ झाला की ती बाजूला काढून मित्राचे आबा, म्हणजे त्याचे थोरले काका, सोलून लाकडी बडगीत ठेचत होते. आबा माळकरी आहेत. पुतण्याचा छंद त्यांना ठाऊक आहे, पसंत नाही. पण वांग्यांच्या पंगतीपासून चार हात लांब, विहिरीच्या कठड्यावर बाटल्या ठेवायला त्यांची हरकत नव्हती. ती जागा उत्तमच ठरली. ही बिअर बर्फासारखी थंड प्यायची नसते, बारा ते चौदा अंशांवर ती खुलते. आणि पौषातल्या रात्री या भागात पारा दहा अंशांच्या आसपास उतरत असल्याने फ्रीजमधून काढलेल्या बाटल्यांना हवे ते तापमान मोकळ्या हवेनेच मिळवून दिले.

बाटली खाली फुगीर आणि वर निमुळती असते, आणि तिच्यावर तोंडात अंगठी धरलेल्या ट्राउट माशाचे चित्र असते. माटिल्डा नावाच्या सरदारीण विधवेची लग्नाची अंगठी तिथल्या झऱ्यात पडली आणि माशाने ती वर आणून दिली, अशी दंतकथा आहे. मित्राने ती सांगताच आबा म्हणाले, "म्हंजे आपली शकुंतला." त्याहून जास्त भाष्याची गरज नव्हती.

आधी ताजी बाटली उघडली. झाकण सैल होताच फेस मानेपर्यंत चढला, पण ओसंडला नाही. पेला तिरका धरून अगदी हळू ओतावे लागते, आणि तळाचा बोटभर गाळ बाटलीतच राखावा लागतो, कारण तो जिवंत यीस्टचा थर असतो. पेल्यातला रंग तांबूस नारिंगी होता, थोडा गढूळ. वरचा फेस पांढरा आणि इतका घट्ट की पेला निम्मा झाला तरी काचेवर त्याची वलये एकाखाली एक शिल्लक राहत होती. वासात पहिल्यांदा संत्र्याची साल आणि ओले गवत आले. आंबवणे झाल्यावर टाक्यांमध्ये पुन्हा सुके हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी वेलीची फुले, घालून ही बिअर काही आठवडे मुरवतात, त्याचा हा परिणाम. मागून लवंगेची एक छटा आली आणि तिच्याही मागे, शोधली तरच सापडेल अशी, सावद्याच्या त्या दाराची आठवण. चव भरदार आणि स्वच्छ कडू होती. चांगली बिअर, पण हॉप्सचे प्रेम असलेल्या कुठल्याही हुशार कारागिराने केली असती अशी, असे माझे तेव्हाचे मत झाले आणि ताज्या बाटलीपुरते ते आजही तेच आहे.

मग मागच्या वर्षीची. एकाच कारखान्याची, एकाच कृतीने केलेली ही बिअर आहे हे मला लेबल पाहिले नसते तर पटले नसते. फेस दुपटीने उसळला. संत्रे जवळपास गेले होते, कडवटपणा मवाळ होऊन मागच्या रांगेत बसला होता, आणि समोर आले होते ते वाळलेले वैरण, कमावलेले चामडे, किंचित धूर आणि स्वच्छ ठेवलेल्या गोठ्याचा उबदार वास. गोडी नावालाही उरली नव्हती. घोट गिळल्यावर तोंड कोरडे पडत होते आणि त्यामुळेच पुढचा घोट घ्यावासा वाटत होता.

हा कायापालट घडवणाऱ्या यीस्टचे नाव ब्रेटॅनोमायसीस. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करणाऱ्या क्लाउसेन या शास्त्रज्ञाने ते १९०४ साली जगापुढे आणले. इंग्लंडमध्ये पिंपांत दीर्घकाळ मुरवलेल्या बिअरला जी खास चव येते, ती याच्यामुळे, असे त्याने दाखवले. ऑर्वालमध्ये नेहमीचे यीस्ट आपले काम आटोपून बसले की बाटल्या भरताना हे दुसरे यीस्ट थोड्या साखरेबरोबर आत घालतात. नेहमीचे यीस्ट साध्या साखरा खाते आणि माल्टमधल्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातल्या, लांब साखळीच्या शर्करा तशाच सोडते. ब्रेटॅनोमायसीस मात्र सुगी संपल्यावर शेतात सरवा वेचणाऱ्या बायांच्या चिकाटीने तेवढेच गोळा करत महिनोन्‌महिने बाटलीत वावरत राहते. म्हणून गोडी उतरते, वायू वाढतो आणि लेबलावर ६.२ टक्के छापलेले मद्यार्काचे प्रमाणही थोडे वर सरकते. लवंगेचा वास देणाऱ्या संयुगाचे रूपांतर ते धूर आणि मसाल्याच्या वासाच्या संयुगात करते. गोठ्याचा वास येतो तो त्याच्याच भाऊबंदाचा. आणि केळीच्या वासाचे ते संयुग हे यीस्ट चक्क मोडून टाकते. जुन्या बाटलीत केळे का उरले नव्हते, याचा उलगडा केळीच्या बागेत बसून व्हावा, हा योग मित्राने जुळवून आणला होता.

वाइन करणारे लोक या यीस्टला घाबरतात, आणि पिंपात ते शिरले की माल नासला असे बहुतेकदा समजतात. पुण्या-मुंबईच्या मित्रमंडळीत मी हा वास वर्णन करून सांगितला तेव्हा नाके मुरडली गेली. मळ्यावर तसे झाले नाही. आबांनी घोट घेतला नाही, पण वास घ्यायला माळेची आडकाठी नाही असे स्वतःच ठरवून त्यांनी दोन्ही पेले नाकाशी धरले. ताज्या पेल्यावर थोडा वेळ थांबून म्हणाले, "हा त पिकेल केयाचा वास हाय रे भो." जुन्यावर थांबावे लागले नाही. "अन् ह्याच्यात गोठा हाय." त्यांच्या आवाजात तक्रारीचा सूर नव्हता, जनावरांत आयुष्य गेलेल्या माणसाला गोठा हा वासांपैकी एक वास असतो, त्यात नासण्याचा काय संबंध? रसायनशास्त्र शिकलेल्या मित्राने मला पंधरा मिनिटे जे समजावले होते, ते आबांनी दोन वाक्यांत आटोपले आणि ते पुन्हा बडगीकडे वळले.

ब्रेटॅनोमायसीसला पुष्कळदा लावल्या जाणाऱ्या "जंगली यीस्ट" या बिरुदाबद्दल मात्र थोडे सावध राहायला हवे. ऑर्वालमधले ब्रेटॅनोमायसीस वाऱ्यावर आलेले नाही; ते जोपासलेले, मोजून घातलेले असते. खऱ्या अर्थाने हवेवर सोपवलेली बिअर म्हणजे ब्रुसेल्सच्या परिसरातली लाम्बिक. तिथे उकळलेला माल्टचा काढा थंडीच्या महिन्यांत रात्रभर उघड्या, पसरट हौदात निवत ठेवतात आणि त्यात हवेतून व इमारतीतून जे जीव उतरतील, त्यांच्यावर पुढचे काम सोडतात. उन्हाळ्यात हे करत नाहीत, कारण तेव्हा नको त्या जीवाणूंची गर्दी होते. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर तापणाऱ्या जळगाव-भुसावळात तो प्रयोग करण्याचे स्वप्न कुणी पाहत असेल, तर त्याने पाहू नये.

जेवणाशी या बिअरचे कसे जमते, हा प्रश्न मला रसायनशास्त्राइतकाच महत्त्वाचा वाटतो. भरतात हिरवी मिरची आणि लसूण सढळ हाताने असतो, वर तेलाची फोडणी आणि शेंगदाणे. ताज्या बाटलीचा कडवटपणा आणि मिरचीचा जाळ यांचे भांडण झाले. मद्यार्क आणि बुडबुडे तिखटाची धार वाढवतात, ती वाढली. जुनी बाटली भरताशी फार छान जमली, कारण तिच्यातला धूर वांग्याच्या धुराला जाऊन मिळाला आणि तिच्या कोरडेपणाने तेलाचा ओशटपणा तोडला. कळण्याच्या भाकरीबरोबर, म्हणजे ज्वारी आणि उडदाच्या त्या काळपट, खमंग भाकरीबरोबर, ती आणखी बरी लागली. दुसऱ्या दिवशी रस्त्यावरच्या एका ढाब्यावर शेवभाजी खाल्ली. तिथे बाटली सोबत नव्हती हे चांगलेच झाले; त्या काळ्या मसाल्यापुढे जगातली कुठलीच नाजूक चव टिकणार नाही.

ढाबा लागला तो पालच्या वाटेवर. पाल हे रावेर तालुक्यातले सातपुड्याच्या कुशीतले गाव. तिथे जायचे कारण मोहाचे झाड, ज्याच्या गोड फुलांची दारू काढतात. फुलांचा हंगाम फाल्गुन-चैत्राचा, तरी मित्राच्या ओळखीच्या एका आदिवासी घरात वाळवलेली फुले टोपलीत भरून ठेवलेली होती. मनुकांसारखी सुरकुतलेली, तपकिरी फुले आजीबाईंनी माझ्या ओंजळीत टाकली. वासात काकवी आहे आणि तिच्या खाली काहीतरी आंबूस, जनावरासारखे, जे मला आदल्या रात्रीच्या पेल्याशी थेट नाते सांगणारे वाटले. या फुलांत साखर इतकी असते की पाण्यात भिजवली तर विरजण लावावे लागत नाही. त्यांच्यावरचे आणि भांड्यातले यीस्ट आपसूक कामाला लागते. मित्र लगेच म्हणाला की बेल्जियमचे कौतुक कशाला, हेच तर आपले. मला ते मान्य नाही. मोहाचे आंबवण काही दिवसांत उरकते आणि मग ते उकळून त्याची वाफ धरली जाते, तेव्हा यीस्टने महिनोन्‌महिने जे घडवायचे त्याला सवडच मिळत नाही. मोहाची थोरवी फुलाची आहे, ऑर्वालची मुरण्याची. दोन्हींना एका मापाने मोजले तर दोघांवरही अन्याय होतो.

उरलेल्या ताज्या बाटल्या मित्राने वहिनींच्या हवाली केल्या. खानदेशाचा उन्हाळा बाटलीतल्या यीस्टला सोसवणारा नाही, म्हणून त्या फ्रीजच्या तळाच्या भाजीच्या कप्प्यात, अंधारात आणि उभ्या ठेवायच्या, असे ठरले. आडवी ठेवली तर गाळ साऱ्या अंगभर बसतो. वहिनींची एकच अट होती, आंब्याच्या दिवसांत तो कप्पा रिकामा करून मिळाला पाहिजे. आता मित्र तिकडून फोन करून एखाद्या लहान फ्रीजची चौकशी करतो आहे, आणि वहिनी त्याला जळगावातले भाव सांगत आहेत.