एका शब्दासाठी

रविवार, रात्री ११

आज ‘नोटोरियस’ पुन्हा पाहिला. हिचकॉकचा, १९४६ सालचा. यावेळी आईही शेजारी बसली होती.

गोष्ट तशी हेरगिरीची. अलिशियाचा बाप नाझींचा हस्तक, देशद्रोहाबद्दल शिक्षा झालेला. अमेरिकन सरकारचा माणूस डेव्हलिन तिला कामगिरीवर रिओला नेतो. काम काय ते दोघांनाही माहीत नसतं, आणि त्या मोकळ्या दिवसांत ते प्रेमात पडतात. मग हुकूम येतो: सेबॅस्टियन नावाच्या नाझी गोटातल्या माणसाशी सलगी कर, त्याच्या घरात शीर.

यानंतरचा प्रसंग मला फार लागतो. वरिष्ठांसमोर डेव्हलिन तिची बाजू घेतो. तिला असल्या कामाची सवय नाही, ती तयार होणार नाही, असं म्हणतो. मनातून इतका हललेला असतो की जेवणासाठी घेतलेली शॅम्पेनची बाटली तिथेच विसरतो. पण घरी आल्यावर? अलिशियाने हौसेने कोंबडी रांधलेली. ती विचारते, माझ्यासाठी एक शब्दही टाकला नाहीस का? तो टाकला होता, हे आपण पाहिलेलं असतं. तिला मात्र तो म्हणतो, ते तुझं तू ठरव.

‘अरे, बोल की मेल्या!’ आई मोठ्याने म्हणाली.

तिला त्याच्याकडून ‘जाऊ नकोस’ ऐकायचं आहे, त्याला तिच्याकडून ‘मी जाणार नाही’. दोघंही अडून बसतात. रेसकोर्सवर ती त्याला सांगते की तू एका शब्दाने मला थांबवू शकला असतास. सेबॅस्टियन लग्नाची मागणी घालतो तेव्हा ती सरळ डेव्हलिनच्या ऑफिसात येते, वरिष्ठांसमोर सगळं सांगते. पुन्हा तेच. हा तिला ‘नको’ म्हणत नाही आणि ती दुसऱ्याची बायको होते.

पार्टीचा तो प्रसिद्ध शॉट आहेच. कॅमेरा उंचावरून सगळा हॉल दाखवत खाली उतरतो आणि अलिशियाच्या मुठीतल्या किल्लीवर येऊन थांबतो. तळघराची किल्ली. डेव्हलिन आणि ती चोरून खाली उतरतात, तर वाइनच्या बाटल्यांत युरेनियमची माती. वर शॅम्पेन संपत चाललेली, नोकर कधीही खाली येईल. जीव टांगणीला लागतो. पण खरं सांगायचं तर युरेनियमचं पुढे काय होतं याची मला काडीचीही पर्वा नसते.

सेबॅस्टियनबद्दल मात्र वाईट वाटतं. क्लॉड रेन्सने तो इतका हळवा केलाय! अख्ख्या सिनेमात आडपडदा न ठेवता प्रेम करतो तो एकटाच. बायको हेर निघाली हे तो पहाटे आईला सांगतो, तेव्हा ती बाई अंथरुणात उठून बसते आणि शांतपणे सिगारेट पेटवते. मग रोजच्या कॉफीतून थोडं थोडं विष. ज्याने जीव लावला तोच मारायला निघतो.

आणि डेव्हलिन? बाकावर भेटायला आलेली अलिशिया ढासळलेली दिसते, तर त्याला वाटतं की ही पुन्हा प्यायला लागली. मायामीत थंडी वाजेल म्हणून त्यानेच तिला बांधलेला रुमाल ती तिथे परत करते. तरी त्याच्या डोक्यात प्रकाश पडत नाही. ती भेटायला यायची थांबते तेव्हा कुठे तो सेबॅस्टियनच्या घरी जाऊन तिला उठवतो आणि प्रेमाची कबुली देतो. ती विचारते, आधी का नाही सांगितलंस?

आई म्हणाली, ‘आला ना शेवटी, झालं तर!’ मला नाही तसं वाटत. तो तिला सावरत जिना उतरवतो तेव्हा डोळे भरून येतात, तरी मी त्याला माफ केलेलं नाही. वरिष्ठांशी तो तिच्यासाठी दोनदा भांडला, पण तिला ते कधीच कळू दिलं नाही.