बापाचा मे महिना

मे महिन्याची सुटी मुलांची असते. नोकरी करणाऱ्या बापाच्या वाट्याला मे महिनाही नोव्हेंबरसारखाच येतो. तीच धावपळ, तोच डबा, तीच संध्याकाळची वाहतूक. फरक इतकाच की सकाळी निघताना घरात कोणी जागे नसते आणि रात्री परतल्यावर कोणी अभ्यासाला बसलेले नसते. तरीही वर्षातला सर्वांत आवडता महिना कोणता असे कोणी विचारले, तर मी क्षणाचाही विचार न करता मे सांगेन. मुलांच्या सुटीच्या कडेकडेने थोडी जागा शिल्लक राहते आणि ती कोणी मागत नाही. पहाटेचा तासभर, जेवणानंतरची रात्र आणि एखादी अर्धी रजा एवढ्या ऐवजात माझा उन्हाळा बसतो, आणि चांगला ऐसपैस बसतो.

पहाटेचा तास आंबे पिकवायच्या अढीचा असतो. पुण्यातल्या सदनिकेत अढी घालायला जागा कुठली, असे पाहुणे विचारतात. पण आईच्या पलंगाखाली काळोखही असतो आणि राखणही आपोआप होते. कोकणातून ओळखीच्या बागेतली कच्ची पेटी आली, की तिच्यातलाच भाताचा पेंढा जमिनीवर अंथरायचा, त्यावर एकमेकांना न खेटणारे आंबे मांडायचे, पुन्हा पेंढा, पुन्हा आंबे, आणि सगळ्यांवर जुने गोणपाट. पुढचे काम फक्त रोज सकाळी हात घालून पाहण्याचे. आई राजापूरकडची असल्यामुळे या खात्याचे सर्वाधिकार तिच्याकडे आहेत. गुडघ्यांमुळे तिला पलंगाखाली वाकता येत नाही, म्हणून मला मुखत्यारपत्र मिळाले आहे एवढेच. आंबा अंगठ्याने दाबून पाहणारा माणूस आंबा खाण्याच्या लायकीचा नाही, असे तिचे स्पष्ट मत आहे. फळ अलगद तळहातावर घ्यायचे, देठाकडची बाजू पाहायची, तिथले खांदे वर आले आहेत का आणि देठ खळगीत बसला आहे का ते बघायचे, आणि मग नाकाजवळ न्यायचे. वास आला तर तो आजच्या ताटातला, नाही आला तर परत पेंढ्यात.

झाडावर आंबा चौदा आणे तयार झाला की उतरवायचा आणि उरलेले दोन आणे अढीत भरून काढायचे, असा कोकणातला जुना हिशेब आहे. १९५७ साली दशमान नाणी आली आणि आणे बाजारातून कायमचे गेले, पण आंब्याच्या बागेत ते अजून बिनदिक्कत चालतात. हे शेवटचे दोन आणे कसे भरतात याचे शास्त्र माझ्या मुलाला मी समजावले होते. पिकू लागलेल्या फळातून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो, पेंढा त्याला आणि उबेला धरून ठेवतो, आणि शेजारचे फळही त्या वायूने पिकायला लागते. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि मग एकच प्रश्न विचारला, की असे असेल तर सगळे आंबे एकदमच पिकणार आणि शेवटी रोज आमरसच खावा लागणार का? त्याच्या आजीने वरून पलंगावरूनच उत्तर दिले, की खावा लागला तर खावा, आमच्या घरात त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

हा मुलगा जूनपासून एप्रिलपर्यंत सकाळी उठावा म्हणून घसा बसेपर्यंत हाका माराव्या लागतात. मे महिन्यात मात्र गोणपाट सरकल्याचा आवाज होताच तो पलंगाच्या दुसऱ्या बाजूने जमिनीवर पालथा पडून आत शिरलेला असतो. अंधारात त्याचे डोके आणि माझा हात समोरासमोर येतात. तो एकेक आंबा हुंगतो, ‘तयार’ किंवा ‘उद्या’ असा निकाल देतो आणि डागी फळ बाजूला काढतो. कारण एका नासक्या आंब्याने अख्खी अढी नासते ही म्हण इथे शब्दशः खरी असते. तो माझ्या सहवासासाठी उठत नाही हे मला पुरते ठाऊक आहे. त्याचे सगळे लक्ष आंब्यात असते, आणि तसे असते म्हणूनच तो बोलतो. शाळेतल्या कोणाशी बिनसले आहे, क्रिकेटच्या संघातून कोणाला काढले, कोणत्या बाई बदलून जाणार आहेत, हे सगळे मला त्या पलंगाखाली कळते. हेच प्रश्न मी जेवणाच्या टेबलावर विचारले, तर ‘काही नाही’ याखेरीज उत्तर मिळत नाही.

इतकी राखण करूनही शेवटचा शब्द आपला नसतो, कारण हापूसमध्ये साका निघू शकतो. बाहेरून केशरी, वासाला अप्रतिम असा आंबा कापावा आणि आत कोयीभोवती पांढरट, आंबूस, स्पंजासारखा भाग निघावा, यासारखी निराशा नाही. तो बाहेरून ओळखण्याची विद्या आईकडेही नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ नावाची जात १९८१ साली दिली. तिच्यात साका होत नाही, हे मी आईला एकदा उत्साहाने सांगितले. तिने फोड खाल्ली, चांगली आहे म्हणाली, आणि ‘पण आंबा कधी आणणार आहेस?’ असे विचारले. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर असे पाच जिल्हे आले. आईची मान्यता मात्र अद्याप राजापूर तालुक्याच्या फारशी बाहेर गेलेली नाही.

अर्ध्या रजेचा दिवस ठरलेला आहे. पुण्यात १३ मेच्या सुमारास दुपारी १२ वाजून ३१ मिनिटांनी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. लग्नाच्या वाढदिवसाची रजा एखाद्या वर्षी राहून गेली असेल, पण या दिवसाची रजा मी सोडत नाही, आणि हे वाक्य घरात मोठ्याने म्हणण्यासारखे नाही याचीही मला जाणीव आहे. आकाशनिरीक्षण हा माझा छंद दुर्बिणीच्या पायरीपर्यंत कधी गेला नाही. दुर्बीण महाग असते आणि ती ठेवायला जागा लागते. सावली फुकट मिळते आणि ती तर नाहीशीच व्हायची असते.

त्या दुपारी आमच्या गच्चीवरचा देखावा शेजाऱ्यांना आता सवयीचा झाला आहे. मी ओळंब्याने सरळ केलेला प्लंबिंगच्या पाइपाचा एक तुकडा, मुलगा स्वयंपाकघरातून परवानगीशिवाय आणलेला पोह्यांचा उभा डबा, आणि दहावीत जाणारी मुलगी फक्त मोबाइल घेऊन, असे आम्ही तिघे टोप्या घालून उभे असतो. फरशी इतकी तापलेली असते की चपलेतूनही पाय बदलत राहावे लागतात. बारा वाजता डब्याची सावली बोटभर असते, सव्वाबारानंतर ती नखाएवढी होते आणि मग डब्याच्या बुडाशी एक काळी रेघ तेवढी उरते. ती रेघ पुसली जाते त्या मिनिटाला पाइपात वरून डोकावले, की एरवी अंधारी असणारी नळी थेट तळापर्यंत उजळलेली दिसते. खाली फरशीवर प्रकाशाचे एक पूर्ण वाटोळे नाणे पडलेले असते आणि त्यात फरशीचा प्रत्येक कण वेगळा दिसतो. कपडे वाळत घालायच्या दांड्या, टाकीची शिडी, कठड्याचे खांब, सगळे क्षणभर जमिनीवर नुसते चिकटवल्यासारखे वाटतात. मुलगी फोटो काढते आणि ‘बाबा, झालं ना आता?’ असे विचारते. पण गेल्या वर्षी तिने शाळेतल्या मैत्रिणीला फोनवर हा सगळा प्रकार माझ्यापेक्षा पुष्कळ नीट समजावून सांगितलेला मी बाहेरच्या खोलीतून ऐकला आहे.

खरी गंमत या एका मिनिटात नाही, सूर्याच्या प्रवासात आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात तो सावंतवाडी आणि कोल्हापूरच्या डोक्यावरून जातो, महिन्याच्या मध्यावर पुणे आणि मुंबई ओलांडतो, २० तारखेच्या आसपास नाशिकला पोचतो आणि २६ तारखेला नागपूरला. रोज थोडा थोडा उत्तरेकडे सरकत तो अख्खा महाराष्ट्र एका महिन्यात तुडवतो. पुण्यावरून पुढे गेल्यानंतर भर दुपारची आपली सावली दक्षिणेला पडू लागते, आणि जुलैच्या अखेरीस तो परत दक्षिणेकडे येईपर्यंत तशीच पडते. त्या परतीच्या वेळीही सावली एकदा नाहीशी होतेच, पण तेव्हा पुण्याचे आभाळ भरलेले असते आणि रजा मागायला तोंड नसते. घड्याळातल्या अर्ध्या तासाचा उलगडाही इथेच होतो. आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाच्या वेळेवर चालते आणि पुणे त्याच्या बरेच पश्चिमेला आहे, म्हणून आपली खरी दुपार बारानंतर अर्ध्या तासाने होते. ‘म्हणजे मी शाळेत उशिरा पोचतो तो माझा दोष नाही,’ असा निष्कर्ष मुलाने तत्परतेने काढला, आणि तो खोडून काढायला मला शास्त्राऐवजी त्याच्या आईची मदत घ्यावी लागली.

रात्रीचा भाग साधा आहे. संध्याकाळी गच्चीवर बादलीभर पाणी मारायचे, ते आधी वाफेसारखे अंगावर येते आणि तासाभराने फरशी बसण्याजोगी होते. चटई, उशा, आणि माठातल्या पाण्याचा तांब्या. माठात वाळ्याची जुडी टाकलेली असते, आणि तिचा वास आवडणारे व न आवडणारे असे आमच्या घरात दोन उघड पक्ष आहेत. मे महिन्यात नऊ-साडेनऊच्या सुमारास सप्तर्षी उत्तरेला उंच आलेले असतात. त्यांच्या शेपटीची कमान तशीच पुढे वाढवत नेली की नारिंगी स्वाती लागते आणि आणखी पुढे पांढरीशुभ्र चित्रा. थोड्या वेळाने आग्नेयेकडून विंचू वर येतो आणि त्यातली लालसर ज्येष्ठा शहराच्या उजेडातही ओळखू येते. इतके आता मुलांना पाठ आहे.

आमची सगळी खटपट त्रिशंकूसाठी असते. दक्षिणेच्या आकाशातला हा चार ताऱ्यांचा क्रूस पुण्याहून दिसतो खरा, पण त्याचा मध्य क्षितिजापासून फार तर अकरा-बारा अंश वर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीएवढ्या उंचीवर. आमच्या दक्षिणेला समोरच्या इमारतीच्या दोन काळ्या टाक्या आहेत. त्यांच्या मधल्या फटीतून, धूळ नसेल आणि खालच्या रस्त्यावरचे मंगल कार्यालय बंद असेल, तर तो थोडा वेळ दिसतो. विश्वामित्राने स्वर्गात पाठवलेला आणि इंद्राने परत लोटलेला हा राजा अधांतरी लटकला, ही गोष्ट आई दरवर्षी सांगते. आमच्याकडे त्याची अडचण आणखी वाढली आहे, कारण तो आता दोन टाक्यांच्या मध्येही अडकला आहे. मुलीने एकदा सोसायटीच्या सभेत टाकी हलवण्याचा ठराव मांडा असे मला गंभीरपणे सुचवले होते. सोसायटीच्या सभेत काय काय मांडता येत नाही, याचा अनुभव तिला अजून यायचा आहे.

मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात हे सगळे आटोपते, कारण मुले त्यांच्या आईबरोबर तिच्या माहेरी, नागपूरला जातात. पुण्याची माणसे मे महिन्यात नागपूरला कशाला जातात, हा प्रश्न मी लग्नानंतर लवकरच विचारला होता आणि त्याचे उत्तर ऐकल्यापासून पुन्हा विचारलेला नाही. तिथे दिवसभर खिडकीतल्या कूलरमध्ये पाणी भरायचे काम चालते, दुपारी रस्ते ओस पडतात आणि २५ मेपासून नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. मागे उरलेली अढी आई आणि मी संपवतो. रोज एक आंबा दोघांत. तिला फोडी नको असतात, ती कोय घेते, आणि कोय चोखणे हे जितक्या सावकाश करता येईल तितके करते. गच्चीवर एकट्याने जाववत नाही. एकटा बाप रात्री गच्चीवर उताणा पडलेला पाहून शेजारी चौकशीला येतात.

गेल्या मे महिन्याच्या २६ तारखेला दुपारी बाराला मी कचेरीत एका लांबलेल्या बैठकीत होतो. मोबाइल थरथरला तो बारा वाजून बारा मिनिटांनी. नागपूर पुण्याच्या बरेच पूर्वेला असल्याने तिथली सावली पुण्यापेक्षा वीस मिनिटे आधी, १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास जाते, हे मी मुलाला निघताना एका कागदावर लिहून दिले होते. कागद तो नेणार नाही याची मला जवळजवळ खात्री होती. मी बाहेर येऊन फोन घेतला. धापा टाकत त्याने सांगितले, की मामांच्या गच्चीवर लोखंडी पाइप होता पण तो धरवत नव्हता, म्हणून त्याने आजीचा पितळी पेला उपडा ठेवून पाहिले, आणि सावली गेली, पूर्ण गेली, ताईने फोटोही काढला. मागून मामांचा आवाज येत होता, ‘गेली तर गेली सावली, तू पहिले अंदर ये!’ मुलाने घाईघाईने विचारले, ‘बाबा, पुढचं गाव कोणतं?’ मी सांगितले की नागपूरनंतर सूर्य राज्याबाहेर जातो, भोपाळकडे. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘भोपाळला आपलं कोणी आहे का?’