आमची वाटचाल : युनिटच्या खर्चाचं कार्ड

कोल्हापूरच्या उद्यमनगरात दोन लेथवर सुरू झालेलं आमचं काम आज शिरोली एमआयडीसीत दोन सीएनसी आणि एका व्हीएमसीवर, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमने चालणाऱ्या मशीनवर, चालतं. कास्टिंग (ओतीव भाग) पार्टीकडून, म्हणजे काम देणाऱ्या कंपनीकडून, येतं, मशीनिंग होऊन परत जातं. कच्च्या मालात आमचे पैसे गुंतत नाहीत. ते गुंततात इन्सर्ट (हत्याराची बदलायची धार), ड्रिल, कूलंट, स्लाइडवे ऑइल, गेज आणि मशीनच्या सुट्या भागांत. मजुरीचं बिल साठ-नव्वद दिवसांनी सुटतं, आणि इन्सर्ट संपला की तो त्याच दिवशी लागतो. मधले दिवस ढकलायला क्रेडिट कार्ड उपयोगी पडतं, पण नीट निवडलं तरच.

बहुतेक युनिटांसारखी आमचीही सुरुवात मालकाच्या वैयक्तिक कार्डावर झाली. त्याचा पहिला तोटा सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या स्कोअरमध्ये, दिसतो. दोन लाखांची मर्यादा आणि दर महिन्याला दीड-पावणेदोन लाखांचं टूलिंग (कापायची हत्यारं), म्हणजे वापर ८० टक्क्यांच्या आसपास. बिल वेळेवर भरलं तरी एवढ्या वापराने स्कोअर खाली ओढला जातो, आणि नव्या मशीनचं कर्ज मागायला गेलं की प्रोप्रायटरचा तोच स्कोअर बँक उघडून बघते. दुसरी गोष्ट, एका आर्थिक वर्षात एका व्यक्तीच्या कार्डांची बिलं १० लाखांच्या वर भरली गेली की बँक ती माहिती आयकर खात्याला कळवते. रोख भरणा असेल तर ही मर्यादा फक्त १ लाख आहे. धंद्याचा खर्च वैयक्तिक पॅनवर दिसतो आणि त्याचा खुलासा कागदांसकट तयार ठेवावा लागतो.

तिसरा तोटा रोजचा आहे. वैयक्तिक खात्यावरून ऑनलाइन मागवलेल्या गेजच्या बिलावर फर्मचा जीएसटी नंबर नसतो. मग ते बिल २बीमध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या आपल्या खरेदीच्या यादीत, येत नाही आणि भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट (वजावट) गेलं. कार्डाचं स्टेटमेंट म्हणजे टॅक्स इन्व्हॉइस नव्हे, हे डिस्पॅच बघणाऱ्या माणसापर्यंत सगळ्यांना पक्कं माहीत हवं. कार्ड फर्मच्या नावावर घेतलं, तरी पुरवठादाराच्या पोर्टलवर जीएसटी नंबर वेगळा नोंदवावाच लागतो. बँकेकडेही तो द्यायचा, कारण वार्षिक फी आणि इतर आकारांवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि नंबर नसेल तर त्याचं क्रेडिट मिळत नाही.

फर्मच्या नावाचं कार्ड घ्यायला उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी), जीएसटी रिटर्न, चालू खात्याचं स्टेटमेंट आणि आयटीआर ही कागदपत्रं आधीच तयार ठेवावीत. उलाढाल नवी किंवा कमी असेल तर एफडीवर मिळणारं कार्ड घ्यावं. मर्यादा एफडीच्या रकमेपेक्षा थोडी कमी मिळते, पण एफडीचं व्याज चालू राहतं आणि परतफेडीचा इतिहास तयार होतो. उद्यम पोर्टलवर नोंदलेल्या सूक्ष्म उद्योगांसाठी ५ लाखांपर्यंतच्या खास कार्डाची घोषणा २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. आपल्या बँकेत त्याची चौकशी जरूर करावी. एक लक्षात असू द्या : बिझनेस कार्डाचा पैसा कुठे खर्च होतो यावर बँकेने लक्ष ठेवावं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. घरचा किराणा त्यावर नको.

आता मुद्द्याची गोष्ट. कार्ड विकणारे पॉइंट आणि विमानतळावरचे लाउंज दाखवतात. वर्कशॉपवाल्याने आधी दोन तारखा विचाराव्यात : बिल कधी निघतं आणि भरायची शेवटची तारीख कोणती. समजा बिल दर महिन्याच्या ५ला निघतं आणि भरायची तारीख २५ आहे. ६ नोव्हेंबरला घेतलेल्या इन्सर्टचे पैसे २५ डिसेंबरला जातात, म्हणजे ४९ दिवस मिळाले. तोच माल ४ डिसेंबरला घेतला तर मिळतात जेमतेम २१. म्हणून आम्ही महिन्याची मोठी टूलिंग ऑर्डर बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी टाकतो. भरायची तारीखही अशी घेतो की मोठ्या पार्टीचा आरटीजीएस त्याआधी चार-पाच दिवस आलेला असेल. आपली पार्टी २८ला पैसे सोडत असेल तर २५ची तारीख काही कामाची नाही. बिलाची तारीख किमान एकदा बदलून मागायचा हक्क कार्डधारकाला आहे, तो वापरावा.

पूर्ण रक्कम भरली नाही तर काय होतं, ते आकड्यांत बघू. व्याजदर महिन्याला ३.५ टक्के धरला तर वर्षाला तो ४२ टक्के होतो. ६०,००० च्या बिलातले १०,००० राहिले, आणि व्याज फक्त त्या १०,००० वर खरेदीच्या दिवसापासून ४९ दिवसांचं धरलं, तरी ते सुमारे ५६४ रुपये होतं. त्यावर जीएसटी धरून ६६५. खरी गळती पुढे आहे. थकबाकी राहिली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. त्या महिन्यात ५०,००० चा माल घेतला आणि सरासरी १५ दिवस रक्कम उभी राहिली, तर आणखी हजारभर रुपये जीएसटीसकट जातात. तेच १०,००० आपल्या कॅश क्रेडिट (सीसी) खात्यातून, म्हणजे बँकेने धंद्याला दिलेल्या उचल खात्यातून, ११ टक्क्यांनी १५ दिवसांसाठी उचलले असते, तर व्याज झालं असतं ४५ रुपये. त्यामुळे पैसे कमी पडत असतील तर सीसीतून उचलून कार्ड पूर्ण भरायचं. ऑटोपे लावताना ‘किमान रक्कम’ नव्हे, ‘पूर्ण रक्कम’ निवडायची. भरणा चुकल्यापासून तीन दिवसांपर्यंत उशिराचा दंड लागत नाही, पण त्या सवलतीवर महिन्याचा हिशोब बसवू नये.

कार्डावर पैसे घेताना दोन टक्के जादा लावणारे पुरवठादार बरेच आहेत. ४५ दिवसांसाठी दोन टक्के म्हणजे वर्षाला सोळा टक्क्यांहून जास्त. सीसी त्यापेक्षा स्वस्त पडते. जो आधीच तीस दिवसांची उधारी देतो, त्यालाही कार्ड दाखवण्यात फारसा अर्थ नाही. पण रोखीवर दोन टक्के सूट देणारा पुरवठादार जादा आकार न लावता कार्ड घेत असेल, तर तिथे दुहेरी फायदा आहे : सूटही मिळते आणि दिवसही.

उद्यमनगरातल्या बेअरिंग, व्ही-बेल्ट, ऑइल सीलच्या दुकानांत स्वाइप मशीन असेलच असं नाही, क्यूआर असतो. तिथे यूपीआयला जोडलेलं रुपे क्रेडिट कार्ड चालतं. क्यूआर मात्र दुकानाचा, व्यापारी खात्याचा हवा; दुकानदाराच्या स्वतःच्या नंबरवर क्रेडिट कार्डातून पैसे जात नाहीत. याचा मोठा उपयोग असा की एकाच दिवशी एकाच दुकानाला १०,००० च्या वर रोख दिली तर आयकरात तो खर्च नामंजूर होतो, आणि ब्रेकडाउनच्या दिवशी ही मर्यादा ओलांडायला एक स्पिंडल बेअरिंगचा सेट पुरतो.

सॉफ्टवेअरचं वर्गणीबिल परदेशी चलनात येत असेल तर मार्कअप, म्हणजे चलन बदलण्याचा बँकेचा जादा आकार, विचारावा. साडेतीन टक्के मार्कअप जीएसटीसह ४.१३ टक्के पडतो. आपोआप कापली जाणारी रक्कम १५,००० च्या वर असेल तर दर वेळी ओटीपीने मंजुरी लागते. तो मेसेज मालकाच्या फोनवर येऊन पडला आणि कुणी पाहिला नाही, की मशीनचे प्रोग्रॅम बनवणारं कॅम सॉफ्टवेअर बंद आणि प्रोग्रॅमर हात बांधून बसलेला. कार्डातून रोख काढायची नाही. तिथे फीही आहे आणि पहिल्या दिवसापासून व्याजही.

टॅलीत (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) कार्डाचं वेगळं लेजर, म्हणजे खातं, काढावं. खरेदीच्या दिवशी पुरवठादार नावे, कार्ड जमा. बिल भरताना कार्ड नावे, बँक जमा. बिल भरल्याची रक्कम पुन्हा खर्चात टाकणं ही नेहमीची चूक आहे, आणि ती वर्षअखेरीपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. आमच्याकडे बिल निघालं की दुसऱ्या दिवशी स्टेटमेंटच्या प्रत्येक ओळीसमोर इन्व्हॉइस नंबर लिहिला जातो. ज्या ओळीसमोर नंबर नाही, तिचा कागद त्याच आठवड्यात मागवायचा. अनोळखी व्यवहार दिसला तर लगेच बँकेला लेखी कळवायचं. त्रयस्थाने केलेल्या फसवणुकीत बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा येत नाही.

नवं कार्ड सुरळीत चालू झालं की जुनं बंद करावं. आधी त्यावरची सगळी ऑटो-डेबिट नव्या कार्डावर हलवायची, बाकी शून्य करायची, मग लेखी अर्ज द्यायचा. बाकी नसेल तर बँकेने सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करायला हवं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. बंद झाल्याचं पत्र फाइलला लावायचं आणि दोन महिन्यांनी सिबिलचा रिपोर्ट काढून ते खाते ‘बंद’ दिसतंय का ते बघायचं.