स्विमिंग पूलकाठचं ओलं बारदान

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात नानांचा फोन आला. "फरशी बघून जा. पण दुपारी या."

दुपारी या, असं गिऱ्हाईक आम्हाला कधी म्हणत नाही. जळगावकडे उन्हाळ्यात फरशीचं काम सकाळी सहाला सुरू होतं आणि साडेदहा-अकराला थांबतं. उन्हात टाकलेल्या मालातलं पाणी उडून जातं, सिमेंट पकडत नाही, आणि सहा महिन्यांनी त्या फरशीवर टिचकी मारली की ती पोकळ वाजते. म्हणून भर दुपारी आमच्या धंद्यातला माणूस साइटवर नसतो. हे मी मुद्दाम आधी सांगतोय, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ इथंच आहे.

एरंडोलच्या बाजूला नानांनी शेतात राहण्याची सोय केली आहे. आठ खोल्या, आंब्याची झाडं, मधे स्विमिंग पूल. त्याच्या कडेची फरशी मी जानेवारीत बसवली होती. काळा ग्रॅनाइट, लेदर फिनिश, म्हणजे चकाकी नसलेला, चामड्यासारखा किंचित खरबरीत. बावीस वर्षांच्या धंद्यात इतकं चोख काम मी मोजक्या ठिकाणी केलंय. खाली अस्सल काळी माती होती. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आक्रसते. तिच्यावर केलेली फरशी दोन पावसाळ्यांत वाकडी होतेच. म्हणून अडीच फूट माती काढून टाकली, मुरूम भरला, तोही एकदम न ओतता सहा-सहा इंचाच्या थरांनी, प्रत्येक थराला पाणी आणि रोलर. वर कोबा. सहा फुटांना एक इंच उतार, पूलच्या उलट दिशेला, म्हणजे पायाची धूळ पाण्यात जात नाही. ग्रॅनाइट तापला की वाढतो. थंडीतली पहाट आणि मेमधली दुपार यांच्यातला फरक धरला तर दहा मीटर लांबीत चार-साडेचार मिलिमीटर. तेवढी जागा ठेवली नाही तर फरशा एकमेकींना ढकलून उचलतात. मी दर तीन मीटरला सांधा सोडून रबरासारखं सीलंट भरलं होतं, कोपिंग, म्हणजे पूलच्या काठावरचा दगड, आणि फरशी यांच्यातही.

त्या दिवशी गेलो तेव्हा यातलं काहीही हललं नव्हतं. एकही सांधा उघडला नव्हता. आणि त्या सगळ्यावर, शॉवरपासून पूलच्या शिडीपर्यंत आणि तिथून फिल्टरच्या खोलीपर्यंत, ओल्या बारदानाची वाट अंथरली होती.

पूल बघणारा पोरगा चोपड्याकडचा, वीस-बावीस वर्षांचा. पाहुणे पाण्यात उतरतात ते पाचनंतर, त्यामुळे त्याची सगळी साफसफाई दुपारी बारा ते तीन. लांब दांड्याचा ब्रश घेऊन तो कडेने चालत होता. दहा पावलं चालायचा, मग बारदानावर यायचा, पाय बदलत उभा राहायचा, पुन्हा उतरायचा. चप्पल का घालत नाहीस विचारलं. म्हणाला, चपलेची माती पाण्यात जाते, आणि ओल्या कडेवर चप्पल घसरते. मग म्हणाला, "दुपारले चटका बसस भाऊ. मंग पानी टाकस." त्याने तळवा वर करून दाखवला. टाचेपुढचा भाग चामड्यासारखा पिवळट, आणि अंगठ्याखाली रुपयाएवढा फोड, फुटून सुकलेला.

नाना मागे उभे होते. तक्रार पाहुण्यांची आली म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं. एका लहान मुलीला चटका बसला आणि तिच्या वडिलांनी फार आवाज केला. पोराच्या पायाचं त्यांनी मला सांगितलं नव्हतं, आणि मला वाटतं, ते त्यांनी त्या दिवशीच पहिल्यांदा पाहिलं.

एसीचं काम करणाऱ्या मित्राची तापमान मोजायची गन मी सोबत नेली होती. सावलीतली हवा ४४ अंश. काळ्या ग्रॅनाइटवर गन धरली, ६८. दुसरीकडे धरली, ६९. साठ अंशांच्या पाण्यात कातडी पाच सेकंद राहिली तरी खोल भाजतं. सत्तरच्या आसपास एखादा सेकंद पुरतो. मी बूट काढून उजवा पाय टेकवला. टेकवला म्हणायचं इतकंच. नाना म्हणाले, "भाऊ, राहू द्या." तरी मी दुसऱ्यांदा टेकवला, कारण चार महिने तो पोरगा हेच करत होता.

डिसेंबरात हा दगड निवडला तेव्हा मी तिथे होतो. शोरूममध्ये, एसीत, टेबलावर, एक फूट बाय एक फुटाचा तुकडा. डिझायनर बाहेरच्या शहरातून आल्या होत्या, त्यांच्याकडे फोटो होते: काळी फरशी, निळं पाणी. मी म्हणालो, "काळा तापेल." त्या म्हणाल्या, पाणी शेजारीच असतं, ओलं राहील. मी गप्प बसलो. त्या वर्षातलं ते माझं दुसऱ्या नंबरचं मोठं काम होतं. पुढे त्या दोनदा साइटवर आल्या, दोन्ही वेळा सकाळी नऊच्या आत, थंडीत. त्यांना दोष देणं मला सोपं आहे आणि मी देतोही. ज्या गावात दगड बसणार तिथली मेची दुपार ज्याने अंगावर घेतली नाही, त्याने तिथला दगड निवडू नये. पण त्यांना ती दुपार माहीत नव्हती. मी इथंच जन्मलो. मला माहीत होती, आणि मी ती एका वाक्यात सांगून मोकळा झालो.

ओलं राहील हेही खरं नाही. पोराने बादली ओतली, मी घड्याळ लावलं. फरशी ४१ वर आली. पाच मिनिटांत पूर्ण कोरडी, पंधराव्या मिनिटाला पुन्हा साठच्या वर. आणि मागे बोअरच्या पाण्याचा क्षार, पांढऱ्या नकाशासारखा, काळ्यावर तर ठळकच. सूर्य कलला म्हणूनही सुटका नाही. वीस मिलिमीटर दगड आणि खालचा कोबा दिवसभर उष्णता पितात. संध्याकाळी सहाला पाहुणे उतरतात तेव्हाही मला ४९ मिळालं.

चार दिवसांनी मी टेम्पोत नमुने घालून पुन्हा गेलो. या वेळी निवड तिथेच करायची, दुपारी दोनला, अनवाणी. सकाळी नऊपासून सगळे तुकडे उन्हात मांडून ठेवले. नाना, त्यांचा मुलगा, तो पोरगा आणि माझा मिस्त्री.

पॉलिश केलेला हिरवट कोटा ५९. शहाबादी त्याच्या आसपास. राखाडी पेव्हर ब्लॉक ६१. पांढरी चायना मोझॅक, म्हणजे चकचकीत टाइलच्या तुकड्यांची फरशी, ४९, आणि आपल्याकडे गच्चीवर ती करतात ते उगाच नाही. जैसलमेरचा पिवळा ५४. धोलपूरचा फिकट सँडस्टोन ५५, तोच दगड जो दिल्लीत राष्ट्रपती भवनाला लागला आहे. कडेला मी सागाची जुनी फळी ठेवली होती, मुद्दाम. ती ६०.

नानांच्या मुलाने आकडे लिहून घेतले आणि म्हणाला, फळी कोट्यापेक्षा गरम आहे. मी म्हटलं, आता उभा राहा. कोट्यावरून त्याने पाय लगेच उचलला, फळीवर तो बराच वेळ उभा राहिला. हे मला नेहमी खापराने समजावता येतं. आपल्याकडे मांडे खापरावर भाजतात. खापर आणि लोखंडी तवा सारखेच तापलेले असले तरी बोट लागलं तर तवा आधी डसतो, कारण लोखंड आपली उष्णता झटकन हातात ओतून देतं, माती ती धरून ठेवते. दगडाचंही तसंच. ग्रॅनाइट घट्ट, तो झटकन देतो. छिद्रांचा सँडस्टोन त्याच तापमानाला थोडा सबुरीने देतो. गन फक्त किती तापलंय ते सांगते. पायाला किती वेगाने लागेल हे पायच सांगतो. दुकानदार हल्ली कुठल्याही फिकट टाइलला 'कूल' म्हणून विकतात. त्यांना मी एकच सांगतो, तुमची टाइल उन्हात ठेवा आणि तुम्ही उभे राहा.

मग सगळ्यात गार चायना मोझॅक का घेतली नाही? नानांचाही हाच आग्रह होता. पण दोन वाजता त्या पांढऱ्याकडे डोळे उघडे ठेवून बघवत नव्हतं, आणि पूलच्या कडेला मुलांवर लक्ष ठेवणाऱ्याचे डोळे उघडे लागतात. शिवाय ग्लेझचे तुकडे ओले झाले की गुळगुळीत, आणि सांध्यातला माल झिजला की कडा पायाला लागतात. गच्चीवर कोणी ओल्या पायाने पळत नाही.

जैसलमेर सगळ्यांना आवडला. रंग सुंदर, पायालाही बरा. तेव्हा मी फिल्टरच्या खोलीतून ॲसिडचा कॅन मागवला. पूलचं पाणी ७.२ ते ७.६ पीएचमध्ये ठेवायला तेच वापरतात, आणि कॅन नेताना चार थेंब सांडतातच. एक थेंब जैसलमेरवर टाकला. फसफसला, पुसल्यावर खाली फिकट, खरबरीत डाग. कोट्यावर टाकला, तेच. शहाबादी, संगमरवर, सगळे चुन्याच्या जातीचे. धोलपूरवर थेंब नुसता बसून राहिला. ती वाळू आहे, तिला ॲसिड खात नाही. पोरगा वाकून बघत होता. म्हणाला, खोलीच्या दाराशी कोटा आहे, तिथे असेच डाग आहेत, धुऊन जात नाहीत म्हणून त्याला बोलणी बसली होती. हे ऐकून नाना काही बोलले नाहीत.

धोलपूरही निर्दोष नाही. तो पाणी पितो, आणि आमच्या बोअरचा क्षार आत जाऊन वाळला की वरचा पापुद्रा सुटतो. म्हणून सहाही बाजूंनी आत मुरणारं सीलर लावून मगच बसवायचा. वर थर धरणारं लॅकर नको, ते घसरतं. मिस्त्रीने एकेक फरशी सावलीत उभी करून ब्रशने सीलर पाजलं, दोनदा. घाई केली असती तर चार दिवस वाचले असते.

सगळा ग्रॅनाइट काढणं नानांना परवडणारं नव्हतं आणि गरजेचंही नव्हतं. पूलभोवती पाच फुटांचा पट्टा, शॉवरची वाट, फिल्टरची वाट, एवढं बदललं. बाकीच्यावर मांडव घातला. जानेवारीत मीच ग्रॅनाइट चिकटद्रव्याने इतका पक्का बसवला होता की एकही फरशी अखंड निघाली नाही. ब्रेकर लावला तेव्हा मी तिथे थांबलो नाही, आंब्याखाली जाऊन बसलो. मजुरी मी घेतली नाही, दगडाचे पैसे नानांनी दिले. हा हिशेब बरोबर झाला का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पायाला फोड आला त्याच्या वाट्याला या हिशेबात काहीच आलं नाही.

मृगाच्या आदल्या दिवशी काम संपलं. आभाळ भरलं नव्हतं, हवा ४२. दोन वाजता नव्या पट्ट्यावर गन धरली, ५३. पोरगा ब्रश घेऊन कडेने आला, थांबला, एक पाय उचलून तळवा बघितला आणि परत टेकवला. तसाच उभा राहिला, मी मनात वीसपर्यंत मोजलं.

"आते बरं शे," म्हणाला.

बारदानं त्याने घडी करून फिल्टरच्या खोलीत, पंपाच्या मागे ठेवली होती. टाकून दे आता, मी म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या, भाऊ."